चाळिशीनंतर पुन्हा पूल : आठवड्याला दोनच तास मिळतात, ते टेबलावर कसे घालवावेत?

काळा_आठ

कॉलेजात पूल-स्नूकर भरपूर खेळलो. मग नोकरी, लग्न, हप्ते, मुलं असा सगळ्यांचा रस्ता. आता धाकटी हॉस्टेलला गेली आणि घराजवळ एक बरं पार्लर उघडलंय, म्हणून पुन्हा सुरुवात केलीय. नऊ फुटी टेबल, कापड ठीकठाक, स्टिक्सही बऱ्या आहेत.

अडचण अशी. पॉटिंग (चेंडू पॉकेटमध्ये घालणं) अगदीच गेलेलं नाही. सोपे चेंडू जातात, मधूनच एखादा लांबचाही जातो आणि शेजारच्या टेबलावरची पोरं "क्या शॉट मारा अंकल" म्हणतात. पण चेंडू घेतल्यावर पांढरा (ज्याला स्टिकने मारतो तो) कुठे जाऊन बसेल याचा भरवसा नाही. दोन-तीन चेंडूंच्या पुढे डाव सरकत नाही.

व्हिडिओ पाहायला गेलो तर डोक्याचा भुगा. एक म्हणतो एमिंग सिस्टिम (नेम धरायची पद्धत) शिका, दुसरा म्हणतो शाफ्ट (स्टिकचा पुढचा भाग) बदला, तिसरा पाय कसे ठेवायचे यावरच अर्धा तास बोलतो. मला स्पर्धा जिंकायच्या नाहीत. ब्रेकनंतर (रचलेले चेंडू फोडणारा पहिला शॉट) माझे सात आणि वर काळा, असा अख्खा रॅक एका दमात साफ करायचाय, बस. हाताशी शनिवार सकाळचे दोन तास आहेत. जोडीला एक मित्र असतो आणि आम्ही फ्रेममागून फ्रेम खेळत बसतो. हेच चालू ठेवू की काही बदलू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहा_बिस्कीट

वाचतोय. माझाही हाच प्रश्न, फक्त माझं पॉटिंगही गेलंय.

अर्धा_चेंडू

काळा_आठ, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. पॉटिंग शाबूत, पांढरा बेलगाम. मग पहिला तास पांढऱ्याला द्या आणि तो एकट्याने. मित्राला तासाभराने बोलवा.

एकच गोष्ट करा : स्टॉप शॉट. चेंडू, पांढरा आणि पॉकेट एका सरळ रेषेत. सुरुवातीला दोघांत हातभर अंतर ठेवा. चेंडू पॉकेटमध्ये गेला पाहिजे आणि पांढरा धडकेच्या जागी गच्च उभा राहिला पाहिजे. जमलं की पांढरा एक डायमंड मागे न्या (कडेच्या लाकडावरच्या खुणा, त्या शोभेच्या नाहीत). मग आणखी एक डायमंड. अंतर वाढलं की मध्यावर मारून भागत नाही. पांढरा आधी कापडावर घसरतो आणि घसरता घसरता पुढे लोळायला लागतो. धडकेच्या क्षणी त्याच्यात पुढची फिरकी नको आणि मागचीही नको. म्हणून मध्याच्या खाली मारायचं. जितकं लांब तितकं आणखी खाली, नाहीतर आणखी जोरात.

या शॉटइतका कडक मास्तर मी पाहिला नाही. पांढरा पुढे सरकला तर टिप (स्टिकचं टोक) पुरेशी खाली लागली नाही. मागे आला तर जास्त खाली लागली. डावी-उजवीकडे घसरला तर चेंडू समोरासमोर लागलेला नाही, मग तो पॉकेटमध्ये गेला असला तरी. जागच्या जागी गरगर फिरला तर नकळत साईड लागतेय, म्हणजे टिप मध्यरेषेवर नाही. चार वेगवेगळे दोष, आणि प्रत्येकाचा पुरावा टेबलावर समोर उभा.

"पॉट होतोय म्हणजे स्ट्रोक सरळ आहे" हा समज मात्र सोडा. पूलचं कोपऱ्याचं पॉकेट जवळजवळ दोन चेंडूंइतकं रुंद असतं, ते बरंच पोटात घालतं. स्नूकरच्या गोलसर ओठांच्या पॉकेटवर तोच चेंडू ओठाला लागून थरथरत बाहेर आला असता. जुने स्नूकरवाले पूलवर परतले की आठवडाभर फार खूश असतात, त्याचं कारण हेच.

काळा_आठ

धन्यवाद! पण तासभर सरळ चेंडूच मारायचे? कंटाळा नाही येणार?

अर्धा_चेंडू

येईल. वीस मिनिटं करा आणि मग तोच चेंडू जरा तिरका लावा. पण सरळ चेंडू सोपा असतो असं म्हणणाऱ्यासाठी एक हिशोब. पूलचा चेंडू ५७ मिमीचा. समजा तो पांढऱ्यापासून मीटरभर लांब आहे आणि पांढरा फक्त एक अंश चुकला. मीटरभरात एक अंश म्हणजे साडेसतरा मिमी बाजूला. तेवढ्याने चेंडूची दिशा सतरा-अठरा अंशांनी बदलते. आता बोला.

लॅबवाला

हिशोब बरोबर आहे, भूमिती ताडून पाहिली. साडेसतरा भागिले सत्तावन्न, त्याचा व्यस्त साईन.

तिरक्या शॉटबद्दल माझी भर. पांढरा कुठे जाईल हे बऱ्याच प्रमाणात आधी सांगता येतं आणि त्यासाठी दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या.

एक, धडकेच्या क्षणी पांढरा घसरत असेल, म्हणजे त्याला पुढची-मागची फिरकी नसेल, तर चेंडू ज्या दिशेने गेला तिच्याशी काटकोन करून पांढरा सुटतो. स्टॉप शॉट हा याचाच टोकाचा प्रकार. सरळ धडकेत पांढऱ्याचा सगळा वेग चेंडूला जातो, म्हणून तो थांबतो.

दोन, पांढरा लोळत आला असेल तर साधारण पाव चेंडू ते पाऊण चेंडू (समोरून बघता पांढरा चेंडूचा जेवढा भाग झाकतो तेवढा) एवढ्या सगळ्या धडकांमध्ये तो आपल्या मूळ रेषेपासून अंदाजे ३० अंश वळतो. अर्ध्या चेंडूच्या धडकेला सर्वात जास्त, ३४च्या आसपास. एवढ्या मोठ्या पट्ट्यात कोन जवळजवळ बदलत नाही हीच गंमत. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवलेले डेव्हिड अल्सियाटोर यांनी यासाठी हाताची युक्ती सांगितली आहे. तर्जनी आणि मधलं बोट व्हीसारखं ताणून धरा. एक बोट पांढऱ्याच्या येण्याच्या रेषेवर, दुसरं जाण्याच्या. प्रत्येकाच्या बोटांमधलं अंतर वेगळं, म्हणून घरी कोनमापकावर एकदा बघून घ्या किती ताणलं की ३० होतात.

हळू मारलेला जवळजवळ प्रत्येक शॉट चेंडूपर्यंत पोहोचेस्तोवर लोळायलाच लागलेला असतो, ते काम कापड करतं. म्हणून परतणाऱ्या माणसाने आधी हळू आणि ३० अंश हे पक्कं करावं. काटकोन नंतर. जोरदार स्क्रू (खाली मारून पांढरा मागे आणणं) सर्वात शेवटी, तो दिसतो छान पण कामी कमी येतो.

कॅरम_किंग_चिंचपोकळी

एवढी गणितं करण्यापेक्षा कॅरम खेळा. रीबाऊंड, कट, सगळं तेच. खड्डे चारच.

लॅबवाला

@कॅरम_किंग, तेच नाही हो, आणि कॅरमवाल्यांचं पूलवर बिघडतं ते इथेच. स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत, सोंगटी पाच-साडेपाच. तिप्पट जड स्ट्रायकर धडकेनंतर पुढे जातच राहतो. पूलमध्ये दोन्ही चेंडू सारख्या वजनाचे, म्हणून पांढरा थांबू शकतो. शिवाय सोंगटी सरपटते, लोळत नाही, त्यामुळे फॉलो (वर मारून पांढरा पुढे नेणं) आणि स्क्रू हा सगळा संसारच कॅरममध्ये नाही. कटची नजर मात्र कॅरमवाल्यांची जबरी असते, ती इथे आयती कामाला येते.

कॅरम_किंग_चिंचपोकळी

बरं. नजर जबरी म्हणालात, माफ केलं.

टिप_टॉप

सगळे स्ट्रोक-स्ट्रोक करतायत, पण साहित्याकडे दुर्लक्ष करू नका. साईड लावली की पांढरा विरुद्ध बाजूला थोडा ढकलला जातो, त्याला डिफ्लेक्शन म्हणतात. शाफ्टचं पुढचं टोक हलकं केलं की हे कमी होतं. प्रेडेटर कंपनीने १९९०च्या दशकात असे शाफ्ट बाजारात आणले, आता झाडून सगळ्या कंपन्या काढतात, हल्ली कार्बन फायबरमध्येही. माझा सल्ला, एकदाच चांगला शाफ्ट घ्या. चुकीचा अंदाज लावत बसण्यात वर्षं घालवू नका.

अर्धा_चेंडू

टिप_टॉप, तत्त्वतः सहमत, पण या माणसासाठी नाही. साईड लावली तर डिफ्लेक्शन. हे साहेब अजून साईड लावतच नाहीयेत (निदान मुद्दाम तरी नाही). ज्याला मध्यावर मारता येत नाही त्याला महाग शाफ्ट दिला तर तो महागड्या शाफ्टने मध्याच्या बाजूला मारेल.

साईड शक्यतो टाळाच, असं सरसकट सांगेन. मध्यरेषेवर वर-खाली मारून पांढरा ज्या जागांवर नेता येतो त्या आपल्याला वाटतात त्याहून पुष्कळ जास्त आहेत. साईडचा खरा उपयोग कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लागल्यावर होतो. पांढरा कुशनपर्यंत जाणारच नसेल, तर साईड लावून फक्त पॉट अवघड करून ठेवायचा.

टिप_टॉप

ठीक, शाफ्ट राहू दे. पण स्वतःची स्टिक हवी की नको? पार्लरमध्ये दर वेळी वेगळी स्टिक, वेगळं वजन, टिप कधी गोल कधी सपाट. एक चल राशी तरी कमी करा.

अर्धा_चेंडू

हे मान्य. साधी, दोन तुकड्यांची, १९ औंसांच्या आसपासची आणि टिप १३ मिमीच्या जवळ असलेली स्टिक घ्या. माळ्यावरची जुनी स्नूकरची स्टिक काढू नका. तिची टिप साडेनऊ-दहा मिमीची आणि पुढचं टोक नाजूक. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिमीचा आणि हलका, पूलचा त्याहून मोठा आणि जड. त्या स्टिकने ब्रेक मारला की टिप आणि फेरूल (टिपखालची कडी) दोन्हींची वाट.

दादरकर_जुने

उशिरा आलो. माझं वय तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त, म्हणून थोडं ऐकून घ्या.

आमच्या जिमखान्यात पोरांना थेट स्नूकरला हात लावू देत नसत. आधी बिलियर्ड्स. शिकवायला कोच वगैरे नव्हता, मार्कर असायचा. गुण मांडणारा, टेबल पुसणारा, आणि निम्म्या सभासदांपेक्षा चांगला खेळणारा. तो सांगायचा की लाल कुठे जातो ते सगळेच बघतात, तू पांढरा बघ. बिलियर्ड्समध्ये चेंडू तीनच. गुण मिळतात ते पॉटला, कॅननला (पांढरा दोन्ही चेंडूंना लागणं) आणि इन-ऑफला (चेंडूला लागून पांढरा पॉकेटमध्ये जाणं). कॅनन काय, इन-ऑफ काय, दोन्हीत पांढरा धडकेनंतर कुठे जातो यावरच सगळं. सहा महिने इन-ऑफ खेळलेल्या पोराला पांढरा कुठे जाणार हे विचारावं लागत नसे.

विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले. १९५८ साली कलकत्त्यात ते जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकले. १९६४ साली पुन्हा. वैयक्तिक खेळात भारताचा पहिला जगज्जेता. त्यांच्यामागून मुंबईचे मायकल फरेरा, १९७७, १९८१ आणि १९८३. आजच्या पार्लरमध्ये भिंतीवर परदेशी खेळाडूंचे फोटो असतात, यांचा एकही दिसत नाही. असो, तो वेगळा विषय.

पार्लरमध्ये बिलियर्ड्स टेबल मिळणार नाही हे मला कळतं. पण पूल टेबलावरही इन-ऑफ मारता येतो. एखादा चेंडू मधल्या पॉकेटच्या जरा पुढे ठेवा आणि त्याला अर्धा लागून पांढरा मधल्या पॉकेटमध्ये घाला. खेळताना तो फाऊल, शिकताना सोनं.

कल्याण_फास्ट

काका, बिलियर्ड्स मस्तच, पण प्रश्न पूलचा आहे ना?

लॅबवाला

पण काका अगदी मुद्द्याचं बोललेत. अर्ध्या चेंडूच्या इन-ऑफला जुने बिलियर्ड्सवाले जो ठरलेला कोन धरत, तो म्हणजे मी वर लिहिलेलं ३०-३४ अंशांचं प्रकरण. त्यांच्या हातात ते आधीच होतं, इंजिनिअर लोकांनी नंतर मोजून लिहिलं.

दादरकर_जुने

आम्ही त्याला नॅचरल अँगल म्हणायचो. कोनमापक कोणाकडे नव्हता.

सई_शार्लट

मस्त चर्चा! मी इथे अमेरिकेत लीगमध्ये खेळते. मीही मोठ्या खंडानंतर परतलेलीच, म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना.

इथल्या एपीए, म्हणजे अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशनच्या लीगमध्ये प्रत्येकाला पातळी दिलेली असते, एट-बॉलला (तुमचाच सात आणि काळ्याचा खेळ) २ ते ७. सामन्यात उतरणाऱ्या पाच जणांच्या पातळ्यांची बेरीज २३च्या पुढे जाऊ द्यायची नाही. त्यामुळे प्रत्येक संघाला कच्चे खेळाडू लागतातच, कोणी तुम्हाला बाकावर बसवून ठेवत नाही. सामने मुख्यतः बारमधल्या सात फुटी टेबलांवर.

काळा_आठ, तुम्हाला माझा पहिला सल्ला नियमांबद्दल आहे. तुम्ही मित्राशी कोणत्या नियमाने खेळता? आपल्याकडे पार्लरमध्ये फाऊलला दोन शॉट, पांढरा पडला तर रेषेमागून, काळा त्याच पॉकेटमध्ये ज्यात शेवटचा चेंडू गेला, असं काय काय चालतं. ते सोडा आणि आंतरराष्ट्रीय नियम लावा. फाऊल झाला की समोरच्याने पांढरा हातात घेऊन टेबलावर कुठेही ठेवायचा. धडकेनंतर काही पॉट झालं नाही तर कोणत्यातरी चेंडूने कुशनला लागलंच पाहिजे, नाहीतर तोही फाऊल. एवढ्याने खेळच बदलतो. नुसतं जोरात हाणून बघू काय पडतंय हे परवडत नाही.

दुसरं, भुताशी खेळा. एकट्याने खेळायचा हा प्रकार इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तीन चेंडू टेबलावर टाका, पांढरा हातात घ्या, कुठेही ठेवा आणि तिन्ही काढा. काढले तर गुण तुम्हाला. एक जरी चुकला तर भुताला, कारण भूत कधी चुकत नाही. सातपर्यंत खेळा. तीन चेंडूंवर भुताला नेमाने हरवायला लागलात की चार करा. तुमचा डाव दोन-तीन चेंडूंवर अडतो म्हणालात ना, मग तुमची पायरी हीच. पांढरा कुठे ठेवायचा हे तुम्हीच ठरवणार, म्हणजे पहिल्याच शॉटला पुढच्या दोनचा विचार आला.

चहा_बिस्कीट

भुताचा प्रकार भारी आहे. आमच्या पार्लरमध्ये काउंटरवर आधीच "अकेले हो क्या?" असं विचारतात, आता सांगेन नाही, दोघं आहोत.

मोरपंखी

@सई_शार्लट, इथे पुण्यात एकट्या बाईने पार्लरमध्ये जायचं म्हणजे अजूनही जरा विचार करावा लागतो. खेळायची इच्छा खूप आहे. कॉलेजात असताना भावाबरोबर जायचे. काय करावं?

सई_शार्लट

मोरपंखी, सकाळी जा. दुकान उघडल्यावरचे पहिले दोन तास बहुतेक पार्लर रिकामी असतात, भाडंही बऱ्याच ठिकाणी तेव्हा कमी असतं. आईकडे येते तेव्हा मी हेच करते. आणि एखाद्या क्लबाची सभासद ओळखीत असेल तर क्लबातलं वातावरण वेगळं असतं, तिथून सुरुवात केलीत तरी चालेल. दोघी मिळाल्या तर उत्तमच. या धाग्यावर पुण्याच्या आणखी कोणी असतील तर हात वर करा.

रसिका_औंध

✋ व्यनि केलाय.

डोळस_माणूस

मी चष्म्याच्या धंद्यातला, म्हणून एक महत्त्वाची गोष्ट, जी अजून कोणीच लिहिली नाही. तुमची स्टान्स-स्ट्रोकची चर्चा चालू द्या, पण चाळिशीनंतर परतणाऱ्याचा अर्धा त्रास डोळ्यांचा असतो.

तुमचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे का? त्यात लांबचा नंबर वर आणि वाचायचा खाली. रस्त्यावर चालताना, फोन बघताना छान. पण पूलमध्ये तुम्ही कमरेत वाकता, हनुवटी स्टिकजवळ येते आणि डोळे वर करून बघता. म्हणजे काचेच्या अगदी वरच्या कडेतून, किंवा फ्रेमच्या वरूनच. प्रोग्रेसिव्हच्या कडेला प्रतिमा वाकडी होते. सरळ रेषा सरळ दिसत नाही आणि तुम्ही स्ट्रोकला शिव्या घालता.

उपाय साधा आहे. खेळायला वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करा. टेबलावरचे चेंडू एक ते अडीच मीटरवर असतात, नंबर त्या अंतराला बेताचा हवा. फ्रेम उंच घ्या आणि काचेचा मध्य नेहमीपेक्षा वर बसवायला सांगा. दुकानदाराला वाकून दाखवा, लाजू नका. डेनिस टेलरचा तो उलटा लावल्यासारखा दिसणारा मोठा चष्मा आठवतो? तो याचसाठी होता. तो घालून १९८५ सालची जागतिक स्नूकर स्पर्धा त्याने शेवटच्या फ्रेममधल्या शेवटच्या काळ्यावर जिंकली, स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध १८-१७.

काळा_आठ

@डोळस_माणूस, प्रोग्रेसिव्हच आहे!! आणि लांबचे चेंडू कधी एकदम नीट जातात, कधी वीतभर चुकतात. हे डोक्यातच आलं नव्हतं. या आठवड्यात दुकानात जातो.

डोळस_माणूस

शक्यता बरीच आहे. तोवर एक करून बघा. मान थोडी वर ठेवून, कमी वाकून खेळा. पूलला स्नूकरइतकं स्टिकवर हनुवटी टेकवायची गरज नाही. पाठ-गुडघ्यालाही बरं.

दादरकर_जुने

पाठीला तर फारच. पाय जरा जास्त फाकवून उभं राहिलं की वाकावं कमी लागतं. पुढचा गुडघा मोडू द्यावा. आमच्या मार्करला मागचा पाय वाकलेला चालायचा नाही, पण तेव्हा आमचे गुडघे नवे होते.

कल्याण_फास्ट

पावसाळ्याबद्दल कोणी बोललंच नाही. मुंबई-ठाणे-कल्याणच्या पार्लरमध्ये जुलैत खेळून बघा. कापड ओल धरतं, चेंडू पळतच नाहीत, कुशनवरून येणारा कोनही वेगळा. मोठ्या व्यावसायिक स्नूकर स्पर्धांत टेबलाच्या स्लेटखाली हीटर असतात, ते उगाच नाही. आपल्याकडे एसी चालू असेल तरी नशीब.

म्हणून गेल्या गेल्या पाच मिनिटं लॅग करा. पांढरा एका टोकाकडून मारायचा, समोरच्या कुशनला लागून परत आपल्या कुशनजवळ येऊन थांबला पाहिजे. त्या दिवशीचं टेबल किती पळतंय ते लगेच कळतं. ब्रेक कोणाचा हे ठरवायला लॅग असतो, पण सरावाला त्याहून जास्त उपयोगी.

दुसरं, चेंडू पुसून घ्या. ओल्या रुमालाने आणि मग कोरड्याने.

लॅबवाला

पुसण्याला माझा जोरदार पाठिंबा. तिरक्या धडकेत पांढरा चेंडूला घासत जातो आणि चेंडू अपेक्षित रेषेपासून काही अंश ढकलला जातो. याला थ्रो म्हणतात. मळक्या चेंडूंवर हे वाढतं. हळू मारल्यावर आणि फिरकी नसताना सर्वात जास्त. तुम्ही अगदी बरोबर नेम धरता आणि चेंडू जाड लागल्यासारखा जातो, तेव्हा हेच झालेलं असतं. हळू, तिरक्या शॉटला नेम जरा पातळ धरा.

पांढराही एकदा बघा. पार्लरमध्ये हरवलेल्या पांढऱ्याच्या जागी भलत्याच सेटमधला येतो. जरा हलका असेल तर स्क्रू फार छान होतो आणि माणूस स्वतःवर खूश होतो.

चहा_बिस्कीट

अच्छा, म्हणून माझा स्क्रू छान होतो तर. दिवस वाया.

टिप_टॉप

एमिंग सिस्टिमचं काय? धागाकर्त्याने विचारलं होतं.

अर्धा_चेंडू

भूत चेंडू पुरे. चेंडूला पॉकेटमध्ये घालायला पांढरा ज्या जागी येऊन टेकला पाहिजे, तिथे एक काल्पनिक पांढरा ठेवायचा आणि त्याच्या मध्यावर नेम धरायचा. त्याचा मध्य चेंडूच्या मध्यापासून बरोबर एका व्यासावर, पॉकेटच्या उलट दिशेला. अर्धा चेंडू म्हणजे ३० अंशांचा कट, एवढा एक आधार पाठ असला की बाकीचे त्याच्या अलीकडे-पलीकडे. व्हिडिओवाल्या गुंतागुंतीच्या पद्धतींनीही माणसं सुधारतात हे मान्य. पण सुधारतात ती नेम धरायला वेळ देतात म्हणून, असं माझं स्पष्ट मत. उभ्यानेच रेषा ठरवायची आणि मग वाकायचं. वाकल्यावर नेम बदलावासा वाटला तर परत उभं राहायचं. वाकल्या वाकल्या स्टिक सरकवून जुळवाजुळव करणं ही परतलेल्यांची सर्वात घट्ट सवय.

सई_शार्लट

याच्याशी शंभर टक्के सहमत. आणि शेवटचा चेंडूवरचा दृष्टिक्षेप लांबवा. घाईत डोळे पांढऱ्याकडे परत येतात आणि हात बिघडतो.

काळा_आठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारचा बेत असा ठरवतोय : आधी लॅग, मग अर्धा_चेंडूंचे स्टॉप शॉट, मग ३० अंशांचे हळू शॉट आणि काकांचे इन-ऑफ, मग सईंचं भूत. दुसऱ्या तासात मित्राशी खऱ्या नियमांनी. रॅक साफ करायला मात्र नेमकं काय जमवावं लागेल?

सई_शार्लट

मागून विचार करा. काळा कोणत्या पॉकेटमध्ये घालणार ते आधी ठरवा. त्याच्या आधीचा कोणता चेंडू घेतला तर पांढरा काळ्यावर सहज येईल तो ठरवा आणि तो शेवटपर्यंत राखून ठेवा. मग अडचणीतले, कुशनला चिकटलेले, एकमेकांत अडकलेले चेंडू लवकर सोडवा, उघडे नंतर. सगळे सोडवण्याची वाट दिसत नसेल तर सोपे चेंडू काढून टेबल मोकळं करू नका, त्याने समोरच्याचीच सोय होते. तुमचे उभे असलेले चेंडू त्याच्या वाटेत अडथळे आहेत.

आणि सुरुवातीला ब्रेक नकोच. स्वतःचे सात आणि काळा हाताने पसरा, कुशनपासून लांब, समोरच्याचे चेंडू टेबलावर नकोत. पांढरा हातात घ्या. हे जमायला लागलं की समोरच्याचे दोन-तीन चेंडू मध्ये आणा. मग सातही. मग ब्रेक.

मोरपंखी

एक बारीकसा प्रश्न. हाताला घाम येतो आणि स्टिक बोटांवर अडकते. पावडर लावू का? पार्लरवाले डोळे वटारतात.

कल्याण_फास्ट

पावडर नको, बरोबर वटारतात ते. कापडावर सांडते, चेंडूंना लागते, ओल असली की लगदा होतो. तीन बोटांचा ग्लोव्ह मिळतो, ब्रिजच्या हाताला (ज्यावर स्टिक टेकवतो त्या) घालायचा, म्हणजे उजवं खेळत असाल तर डाव्या. आणि स्टिक अधूनमधून ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा, निम्मा चिकटपणा तिच्यावरच्या जुन्या खडूचा आणि घामाचा असतो.